पोटात गेलेल्या रंगाचे दोन तुकडे

पाव किलो जिलेबीत कायद्याने चालेल तेवढा पिवळा रंग घातला, तर तो २५ मिलिग्रॅम भरतो. मिठाई, आइस्क्रीम, बिस्किटं, सरबतं अशा ज्या पदार्थांत आपल्याकडे कृत्रिम रंगाला परवानगी आहे, तिथे सर्वसाधारण मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅमची आहे. जिलेबीतला पिवळा बहुतेक वेळा टारट्राझीन असतो. रंगाच्या डबीवर त्याचा क्रमांक १०२. जिलेबी पचते, साखरेचं-मैद्याचं जे व्हायचं ते होतं, पण टारट्राझीन लहान आतड्यातून जवळपास जसंच्या तसं पुढे सरकतं. त्याच्या रेणूवर विद्युतभार असलेले सल्फोनेट आणि कार्बॉक्सिलेट गट आहेत, आणि असा रेणू पेशीच्या स्निग्ध आवरणातून सहजी आत शिरत नाही. अखंड स्वरूपात शोषला जाणारा भाग ५ टक्क्यांहूनही कमी भरतो. "अंगाला लागत नाही, मग भ्यायचं कशाला" हा या रंगांच्या बाजूने केला जाणारा जुना युक्तिवाद इथूनच आलेला आहे.

त्यातली गोम अशी की जे शोषलं जात नाही ते मोठ्या आतड्यात पोचतं. तिथे प्राणवायू जवळजवळ नसतो आणि जिवाणूंची दाटी शरीरात सर्वांत जास्त असते. टारट्राझीनचा खरा बंदोबस्त तिथे होतो.

बंध तुटतो कसा

खाण्यातले आणि कापडातले निम्म्याहून जास्त कृत्रिम रंग ॲझो कुळातले. या कुळाची खूण एकच: रेणूच्या मध्यावर दोन नायट्रोजन दुहेरी बंधाने जोडलेले आणि दोन्ही बाजूंना बेंझीन किंवा नॅप्थलीनसारखी वलयं. डोळ्यांना दिसणारा पिवळा, केशरी, लाल रंग या जोडणीमुळेच दिसतो. जोडणी तुटली की रंग गेला.

जिवाणूंकडे ॲझोरिडक्टेज नावाची एन्झाइम असतात. ती एनएडीएच किंवा एनएडीपीएच या पेशीतल्या इलेक्ट्रॉनवाहक रेणूंकडून इलेक्ट्रॉन घेतात, बहुतेकदा एफएमएन या फ्लाव्हिनमार्फत (ब-२ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेणूमार्फत) पुढे सरकवतात आणि ॲझो बंधाला देतात. पूर्ण तोडायला चार इलेक्ट्रॉन लागतात. पहिल्या दोनांत दुहेरी बंधाचा एकेरी होतो, पुढच्या दोनांत तोही तुटतो आणि दोन्ही बाजूंना एकेक अमाइन, म्हणजे नायट्रोजनचा गट असलेला रेणू, उरतं. एन्टेरोकॉकस फीकॅलिस, ई. कोलाय, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स अशा अनेक जिवाणूंतली ही एन्झाइम वेगळी काढून अभ्यासली गेली आहेत. ही काही एखाद्या दुर्मिळ जिवाणूची करामत नव्हे. दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसच्या काही जातीही हे काम करतात, त्यामुळे "रंगीत खाल्लं, वर दही खा, उतारा पडेल" या सल्ल्यात काही अर्थ नाही.

सल्फोनेट असलेला रंग जिवाणूच्या पेशीतही सहज शिरत नाही, मग आतलं एन्झाइम त्याला तोडतं कसं? बऱ्याचदा मधे दलाल असतो. फ्लाव्हिन किंवा क्विनोनसारखे छोटे रेणू जिवाणूकडून इलेक्ट्रॉन घेऊन बाहेर येतात, रंगाला देतात, परत जातात. शिवाय आतड्यातला हायड्रोजन सल्फाइडही एन्झाइमशिवाय, निव्वळ रसायन म्हणून, ॲझो बंध तोडू शकतो. म्हणून "अमुक जिवाणू काढून टाकला की प्रश्न मिटला" असं होत नाही.

प्राणवायू असेल तर हे काम बहुतेक थांबतं, कारण तो रंगाच्या आधी इलेक्ट्रॉन पळवतो. लहान आतड्याच्या वरच्या भागात म्हणूनच फारसं काही घडत नाही.

माणसात हे घडतं याचा पुरावा औषधांनी दिला

१९३२ मध्ये जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रोन्टोसिल हा लाल ॲझो रंग जिवाणूबाधित उंदरांना दिला आणि उंदीर वाचले. १९३५ मध्ये निष्कर्ष छापले गेले. विचित्र गोष्ट अशी की हाच रंग परीक्षानळीत जिवाणूंवर टाकला तर त्यांना काहीच होत नव्हतं. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये उलगडा झाला: शरीरात प्रोन्टोसिलचे दोन तुकडे होतात आणि त्यातला सल्फानिलमाइड हा बिनरंगी तुकडा खरं औषध आहे. रंग हे नुसतं वेष्टन. तोडण्याच्या कामात यकृताचाही वाटा असतो, पण आतड्यातल्या जिवाणूंचा वाटा मोठा आहे हे पुढे दिसून आलं.

त्याहून स्वच्छ पुरावा सल्फासालाझीनचा. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याला सतत सूज असलेल्या, रुग्णांना ही नारिंगी गोळी आजही दिली जाते. सल्फापिरिडीन आणि ५-अमिनोसॅलिसिलिक ॲसिड हे दोन रेणू ॲझो बंधाने जोडून ती बनते. जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांना ती दिली की न तुटता बाहेर पडते. नेहमीच्या उंदरांत तुटते. मोठं आतडं काढून टाकलेल्या रुग्णांतही ती जवळपास तशीच बाहेर येते. जुलाब जोरात असतील तर तुटण्याचं प्रमाण घटतं, कारण जिवाणूंना वेळच मिळत नाही. १९७७ मध्ये स्पष्ट झालं की आतड्याच्या सुजेवर काम करतो तो ५-अमिनोसॅलिसिलिकचा तुकडा. सल्फापिरिडीनचा तुकडा रक्तात शोषला जातो, आणि मळमळ, डोकेदुखी यांसारखे बरेचसे त्रास त्याच्याकडून होतात. ज्यांच्या यकृतात ॲसेटिलेशन (रेणूवर ॲसेटिल गट बसवण्याचं काम) सावकाश होतं त्यांना हे त्रास जास्त. टीबीच्या आयसोनियाझिडमुळे डॉक्टरांना हा मंद-जलद भेद चांगला ठाऊक आहे.

एकाच गोळीचे दोन तुकडे, एक गुणकारी, दुसरा उपद्रवी. ॲझो रंगांकडे बघायची रीत इथेच मिळते. मूळ रंगाचं नाव गौण आहे; त्यातून कोणते दोन अमाइन सुटतात ते बघायचं.

कोणत्या रंगातून काय सुटतं

भारतात खाण्यात चालणारे कृत्रिम रंग आठ. त्यांपैकी ॲझो चारच: टारट्राझीन (१०२), सनसेट यलो (११०), कार्मोइसिन (१२२) आणि पॉन्सो ४आर (१२४). एरिथ्रोसिन (१२७), इंडिगो कार्माइन (१३२), ब्रिलियंट ब्लू (१३३) आणि फास्ट ग्रीन (१४३) यांच्यात ॲझो बंधच नाही. त्यांच्याबद्दलचे आक्षेप वेगळे असतील, पण ही गोष्ट त्यांची नव्हे. सगळ्या रंगांना एकाच मोळीत बांधणाऱ्या फॉरवर्डमध्ये हा फरक नेहमी गाळलेला असतो.

टारट्राझीन तुटलं की एका बाजूला सल्फानिलिक ॲसिड आणि दुसऱ्या बाजूला एक अमिनोपायराझोलोन. वजनाचा हिशेब सोपा आहे. टारट्राझीनचा रेणुभार ५३४, सल्फानिलिक ॲसिडचा १७३. सुरुवातीच्या २५ मिलिग्रॅममधून, सगळं तुटलं तर, सुमारे ८ मिलिग्रॅम सल्फानिलिक ॲसिड सुटेल. ते काही प्रमाणात शोषलं जातं, त्याच्यावर ॲसेटिल गट बसतो आणि ते लघवीवाटे जातं. त्याच्या अंगावरही सल्फोनेट आहे, म्हणून ते पाण्यात राहतं, पेशीत फार घुसत नाही. सल्फोनेट असलेली अमाइन सहसा डीएनएला इजा करत नाहीत, हे खाण्यातल्या रंगांच्या बाजूचं सर्वांत भक्कम म्हणणं आहे आणि ते मला पटतं. खाण्याच्या रंगांची रचना करताना ॲझो बंधाच्या दोन्ही बाजूंना सल्फोनेट बसवणं हे त्यासाठीच उपयोगी: रंग तुटला तरी दोन्ही तुकडे पाण्यातच राहावेत.

सनसेट यलोमधूनही सल्फानिलिक ॲसिड सुटतं. दुसरा तुकडा १-अमिनो-२-नॅप्थॉल-६-सल्फोनेट. अमेरिकेत गोळ्या-चॉकलेटांत भरपूर वापरल्या जाणाऱ्या अल्युरा रेडमधून सुटणारा एक तुकडाही नेमका हाच. गेल्या काही वर्षांतली चर्चा या तुकड्याभोवती फिरते. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या गटाने दाखवलं की आयएल-२३ हा दाह वाढवणारा संदेशक रेणू ज्यांच्यात मुद्दाम वाढवलेला आहे अशा उंदरांना अल्युरा रेड किंवा सनसेट यलो दिलं, तर मोठ्या आतड्याला सूज येते. निरोगी उंदरांना त्याच रीतीने येत नाही. आतड्यात जिवाणू नसतील तर या उंदरांनाही येत नाही. बॅक्टेरॉइड्स ओव्हेटस किंवा एन्टेरोकॉकस फीकॅलिस हे रंग तोडणारे जिवाणू आतड्यात सोडले की येते, आणि रंगाऐवजी थेट हा नॅप्थॉलचा तुकडा दिला तरी येते. साखळीचा प्रत्येक दुवा वेगवेगळा तपासलेला असल्यामुळे हे काम वजनदार ठरतं. २०२२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गटाने अल्युरा रेड दीर्घकाळ दिल्यावर उंदरांच्या आतड्यात सेरोटोनिन वाढून कोलायटिस बळावतो असं दाखवलं.

हे उंदरांवरचे प्रयोग आहेत. माणसात रंगामुळे कोलायटिस होतो असं यावरून म्हणता येणार नाही. पण ज्याला आधीच क्रोन हा आतड्याच्या सुजेचा आजार किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे त्याने केशरी बर्फी आणि नारिंगी सरबत टाळलं तर त्याचं काही बिघडत नाही, आणि टाळायला कारण आहे.

पॉन्सो आणि कार्मोइसिनमधून नॅप्थिओनिक ॲसिड आणि एकेक सल्फोनेटधारी अमिनोनॅप्थॉल सुटतं. पॉन्सोबाबत आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये त्याची रोजची स्वीकार्य मात्रा शरीराच्या किलोमागे ४ मिलिग्रॅमवरून ०.७ वर आणली. जागतिक अन्न आणि आरोग्य संघटनांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने मात्र ४ कायम ठेवली. २० किलोच्या मुलासाठी युरोपचा हिशेब १४ मिलिग्रॅम होतो. कमाल मर्यादेइतका पॉन्सो असलेली १५० ग्रॅम मिठाई खाल्ली की तो ओलांडला. टारट्राझीनचा युरोपीय आकडा ७.५ आहे, म्हणजे त्याच मुलासाठी १५० मिलिग्रॅम. तिथे जिलेबीने मर्यादा गाठणं अवघड.

या मात्रा जनावरांना रंग खाऊ घालून ठरवल्या जातात, आणि त्या जनावरांच्या आतड्यातही जिवाणू असतात. म्हणजे तुकड्यांचा परिणाम हिशेबात अगदीच धरलेला नाही असं नाही. तो धरला गेला आहे निरोगी जनावरांपुरता. वरचे कोलायटिसचे प्रयोग बोट ठेवतात ते याच फटीवर.

जिथे सल्फोनेट नाही, तिथे खरा धोका

मेटॅनिल यलो. खाण्यात याला परवानगी नाही, तरी हळद, तूरडाळ, बेसन, लाडू यांत सापडतो, कारण स्वस्त आहे आणि रंग झकास येतो. लखनौच्या विषविज्ञान संस्थेने, म्हणजे आताच्या आयआयटीआरने, या रंगावर बरंच काम केलेलं आहे. मेटॅनिल यलोच्या एकाच टोकाला सल्फोनेट आहे. तो तुटला की त्या टोकाकडून मेटॅनिलिक ॲसिड सुटतं, ते तुलनेने सौम्य. दुसरीकडून सुटतं पॅरा-अमिनोडायफेनिलअमाइन. याच्यावर सल्फोनेट नाही, ते स्निग्ध आवरणातून जातं, शोषलं जातं आणि यकृतात पोचतं. मेटॅनिल यलोचा रेणुभार ३७५, या तुकड्याचा १८४. म्हणजे पोटात गेलेल्या रंगाच्या जवळपास निम्म्या वजनाचं हे अमाइन तयार होऊ शकतं.

बिनसल्फोनेटी अमाइनचं यकृतात काय होतं ते ठरलेलं आहे. सायटोक्रोम पी-४५० कुळातली एन्झाइम नायट्रोजनवर हायड्रॉक्सिल गट बसवतात. त्यावर ॲसिटेट किंवा सल्फेट चढतं आणि ते गळून पडताना नायट्रोजनवर धनभार उरतो. असा रेणू डीएनएला चिकटतो. सगळीच अमाइन सारखी घातक नसतात, पण वाट हीच.

बेंझिडीन या अमाइनवर बेतलेले कापडाचे रंग हे याचं सर्वांत वाईट उदाहरण. क्योटोतले किमोनो रंगवणारे कारागीर कुंचल्याला टोक काढायला तो ओठांत धरून चाटत, आणि त्यांच्यात मूत्राशयाचा कर्करोग जास्त आढळला. माकडांना हे रंग दिले तेव्हा लघवीत बेंझिडीन मिळालं. बेंझिडीन आणि त्यात रूपांतर होणारे रंग आज मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्यांत, आहेत.

सुदान-१ हा मिरची पावडरीतला भेसळीचा रंग. २००३ मध्ये भारतातून गेलेल्या तिखटात तो सापडला आणि युरोपात गदारोळ झाला. त्याची तऱ्हा वेगळी. तो तेलात विरघळतो, त्यामुळे बराचसा वरच्या आतड्यातच शोषला जातो. मोठ्या आतड्यातले जिवाणू उरलेला तोडून ॲनिलीन हे अमाइन सोडतात, पण जास्त उपद्रवी वाट यकृतातली: तिथे ऑक्सिडीकरणातून डीएनएला चिकटणारा डायझोनियम आयन तयार होतो.

आता एक उलटं उदाहरण, कारण "तुटणं म्हणजे विष" असं सरसकट समीकरण मांडायचा मोह होतो. बटर यलो हा एके काळी लोण्याला-मार्गारिनला लावला जाणारा रंग. १९३० च्या दशकात जपानमध्ये दिसलं की तो उंदरांच्या यकृतात कर्करोग करतो. पुढे असं आढळलं की आहारात रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, भरपूर असेल तर कर्करोग कमी होतो. कारण यकृतातलं ॲझो बंध तोडणारं एन्झाइम फ्लाव्हिनवर चालतं. इथे अखंड रंग घातक होता आणि तुटणं हा बचाव होता.

कापडाच्या कायद्याला जे कळलं

कापडाच्या बाबतीत युरोपने तुकडे बघूनच कायदा केला. ज्या ॲझो रंगातून ठरलेल्या २२ अमाइनपैकी कोणतंही किलोमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सुटतं, त्या रंगाचं कापड अंगाला लागेल अशा वस्तूंत चालत नाही. भारतानेही १९९७ मध्ये अशा ७० ॲझो रंगांवर बंदी घातली. चाचणी साधी आहे: कापडाचा नमुना सायट्रेट बफरमध्ये ७० अंशांवर ठेवायचा, सोडियम डायथायोनाइट घालायचं, अर्ध्या तासात ॲझो बंध तुटतात, मग सुटलेली अमाइन मोजायची. रंगारी ज्याला हायड्रो म्हणतात आणि बिघडलेला रंग उतरवायला वापरतात ते हेच डायथायोनाइट. जिवाणू आतड्यात सावकाश करतात ते हायड्रो बादलीत मिनिटांत करतं.

इचलकरंजी-सोलापूरकडच्या रंगाच्या सांडपाण्यातही हीच क्रिया वापरली जाते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जिवाणूंकडून कापडाचे रंग घालवण्यावर वर्षानुवर्षं संशोधन झालं आहे. सांडपाणी आधी बिनहवेच्या टाकीत ठेवलं की ॲझो बंध तुटून पाणी फिकं होतं. पण तेवढ्यावर पाणी सोडून दिलं तर त्यात अमाइन असतात. म्हणून पुढची टाकी हवा घातलेली लागते; तिथले जिवाणू या अमाइनची वलयं फोडून पार कार्बन डायऑक्साइडपर्यंत नेतात. आतड्यात ही दुसरी टाकी नाही. बिनहवेचा टप्पा पार पडतो आणि माल यकृताच्या किंवा बाहेरच्या वाटेला लागतो.

प्रयोगशाळेत करून बघायचं असेल तर

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवी प्रकल्पांत हा विषय वारंवार येतो आणि त्याच त्याच जागी फसतो. मांडणी अशी: न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये ०.२ टक्के ग्लुकोज आणि ०.१ टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, त्यात सनसेट यलो लिटरमागे ५० मिलिग्रॅम. १० मिलीच्या आटेदार झाकणाच्या नळ्या काठोकाठ भरायच्या. ई. कोलाय के-१२ ची रात्रभर वाढवलेली संवर्धनं ५ टक्के घालायची, ३७ अंशांवर न हलवता ठेवायचं. सोबत तीन नियंत्रणं: जिवाणूंशिवाय, उकळून मारलेल्या जिवाणूंसह, आणि उघड्या फ्लास्कमध्ये शेकरवर. ०, ३, ६ आणि २४ तासांनी नमुना सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी ४८२ नॅनोमीटरवर मोजायचं. वेग फार कमी वाटला तर आणखी एका नळीत रायबोफ्लेविन १० मायक्रोमोलर घालून बघा. मघाच्या दलालाचं काम प्रत्यक्ष दिसतं.

आता फसण्याच्या जागा. सेंट्रिफ्यूज केल्यावर खालचा गाळ रंगीत दिसला, तर रंग तुटलेला नाही, पेशींना चिकटलाय. मारलेल्या जिवाणूंच्या नळीतही रंग कमी झाला तरी निदान तेच. माध्यमात सिस्टीन घातलं असेल तर जिवाणूंशिवायच्या नळीतही रंग उतरू शकतो. ते नियंत्रण न ठेवता श्रेय जिवाणूंना देऊन मोकळे झालेले अहवाल कमी नाहीत. मिथाइल रेड वापरत असाल तर आणखी एक सापळा: हा रंग स्वतःच आम्लतादर्शक आहे, आणि ग्लुकोजवर वाढणारे जिवाणू आम्ल करतात. मोजण्याआधी प्रत्येक नमुना बफरने सामू ७ वर आणा. शेवटचं म्हणजे नळी उघडून ओट्यावर ठेवली की बिनरंगी झालेलं द्रव हळूहळू तपकिरी होतं. रंग परत आलेला नसतो; अमिनोनॅप्थॉलचा तुकडा हवेत ऑक्सिडाइझ होतोय. नमुना काढल्यावर लगेच मोजा, नाहीतर वाचन फुगतं.

रंग गेला एवढ्यावर थांबू नका, तुकडा पकडा. पुरती तोड झाली तर लिटरमागे ५० मिलिग्रॅम सनसेट यलोमधून सुमारे १९ मिलिग्रॅम सल्फानिलिक ॲसिड मिळायला हवं. एचपीएलसीच्या (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) साध्या सी-१८ कॉलमवर ते थांबतच नाही, सुरुवातीलाच निसटतं. आयन-पेअर अभिकर्मक घालावा लागतो. ती सोय नसेल तर ब्रॅटन-मार्शल चाचणी पुरते. नमुना हायड्रोक्लोरिक आम्लाने आम्ल करा, ०.१ टक्का सोडियम नायट्राइट घालून तीन मिनिटं थांबा, ०.५ टक्के अमोनियम सल्फामेट घालून दोन मिनिटं, मग ०.१ टक्का नॅप्थिलइथिलीनडायअमाइन. जांभळट गुलाबी रंग आला की अमाइन आहे. ५४० नॅनोमीटरच्या आसपास मोजा. सल्फामेटची पायरी गाळली तर उरलेलं नायट्राइट शेवटच्या अभिकर्मकाचा फडशा पाडतं आणि चाचणी नकारात्मक येते. मजा म्हणजे १९३० च्या दशकाअखेर ही चाचणी बसवली गेली ती रक्तातलं सल्फानिलमाइड मोजायला, आणि ती करते काय, तर सुटलेल्या अमाइनचा पुन्हा ॲझो रंग बनवते.

घरी काय तपासता येतं

सुटलेली अमाइन घरी कळणार नाहीत, पण मेटॅनिल यलो कळू शकतो. तूरडाळीचे ५ ग्रॅम दाणे ५ मिली पाण्यात हलवा, पाणी वेगळं काढा, त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाका. गुलाबी ते किरमिजी रंग आला तर मेटॅनिल यलो आहे, कारण सामू दीडच्या आसपास गेला की तो पिवळ्याचा लाल होतो. काचेची नळी, हातमोजे, उघडी खिडकी. आणि आम्ल म्हणून निळं संडास-क्लीनर या कामाचं नाही, त्यात स्वतःचाच रंग असतो.

हळदीत घोटाळा होतो, कारण तीव्र आम्लात कर्क्युमिन, म्हणजे हळदीचा स्वतःचा पिवळा रंगही, लालसर होतं. नंतर पाणी घालून विरळ करा: कर्क्युमिनची लाली जाते, मेटॅनिलची टिकते. आम्ल हाताळायचं नसेल तर ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवा. शुद्ध हळद खाली बसते आणि पाणी फिकट राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर पाण्यात विरघळणारा रंग मिसळलेला आहे.

पाकीटबंद वस्तूवर क्रमांक वाचता येतो. सुट्या मालाचं तसं नाही. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, तेव्हा नमुन्यांत टारट्राझीन आणि सनसेट यलोसोबत ऱ्होडामिन-बी निघाला होता. ऱ्होडामिन ॲझो नाही, त्याला ॲझोरिडक्टेज हात लावत नाही. तो अखंडच घातक म्हणून वर्ज्य आहे. परवानगी असलेले रंगही मंचुरियनमध्ये चालत नाहीत, हे गाडीवर सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

त्याच नावाचा कापडाचा रंग आणि खाण्याचा रंग यांतही फरक आहे. खाण्याच्या प्रतीत सल्फोनेट नसलेली मोकळी अमाइन ०.०१ टक्क्यापर्यंतच चालतात. औद्योगिक प्रतीला ही अट नाही, म्हणजे तिथे जिवाणूंनी काही तोडायच्या आधीच डबीत अमाइन असू शकतं.

घरी मिठाई करताना रंग घालायचाच असेल तर चिमूट हे माप सोडा. किलोला १०० मिलिग्रॅम म्हणजे चाकूच्या टोकावरचे काही कण, आणि स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंतचा काटा ते दाखवतही नाही. १ ग्रॅम रंग पाण्यात विरघळवून द्रावण १०० मिली करा. त्यातले १० मिली म्हणजे दोन छोटे चमचे. एक किलो तयार पदार्थाला हीच कमाल. मात्र बाजारातल्या डबीत बहुतेकदा मीठ किंवा डेक्स्ट्रिन मिसळलेलं असतं आणि शुद्ध रंगाचा टक्का लेबलवर बारीक अक्षरात असतो. १५ टक्क्यांची डबी असेल तर याच १० मिलीतून १५ मिलिग्रॅमच जातो, आणि पदार्थ पुरेसा पिवळा दिसतो.